क्रोनोग्राफचा सेल सारखा का उतरतो? आधी बटणं बघा, मशीन नंतर

नवीन सेल टाकला, चार-सहा महिने घड्याळ चाललं आणि बंद पडलं. पुन्हा सेल, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी काउंटरपलीकडून ऐकू येतं, "मशीन सेल खातंय भाऊ, मशीनच बदलून घ्या." जळगाव असो, शहादा असो की चाळीसगाव, क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं काट्यांचं घड्याळ वापरणाऱ्या बऱ्याच जणांनी हे ऐकलेलं असतं. मशीन बदलणं दुकानदाराला सोपं पडतं, कारण तपासणीचा वेळ वाचतो. पण दुरुस्तीला येणारी अशी घड्याळं उघडून बघता मशीन खरोखर गेलेलं क्वचितच निघतं. दोष सापडतो तो वापरायच्या सवयीत, बटणांत किंवा सेलच्या जातीत. त्याच क्रमाने तपासत गेलं की पैसे वाचतात.

मोठा काटा थांबलेलाच बरा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे लग्नं उरकली की जावईबापूंना मिळालेली घड्याळं दुकानात यायला लागतात. तक्रार ठरलेली: "नवीन घड्याळ शे, तरी मोठा काटा हालत नही." घड्याळ अगदी ठणठणीत असतं. क्रोनोग्राफमध्ये मधला लांब काटा हा स्टॉपवॉचचा असतो. रोजचे सेकंद दाखवणारा काटा एखाद्या छोट्या तबकडीत असतो, बहुधा सहाच्या किंवा नऊच्या जागी. तो टिकटिक करतोय ना? मग घड्याळ चालू आहे. तीन छोट्या तबकड्यांपैकी एखादी नुसती चोवीस तासांची असते. तिचा काटा इतका हळू सरकतो की तीसुद्धा बंदच वाटते.

आता होतं असं, की कुणीतरी वरचं बटण दाबून मोठा काटा सुरू करून देतं. काटा फिरताना बघून मालक खूश, आणि बऱ्याच मशीनांत तो काटा मग महिनोन्महिने रात्रंदिवस फिरत राहतो. सेल उतरण्याचं हे पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण.

ते का, हे कळायला मशीनच्या आत थोडं डोकवावं लागेल. सर्किटवर एक बारीक नळीसारखा क्रिस्टल असतो. त्याच्या आत क्वार्ट्झचा चिमट्याच्या आकाराचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. आयसी, म्हणजे सर्किटवरची चिप, तो पंधरा वेळा निम्मा करते आणि सेकंदाला एक ठोका हाती येतो. प्रत्येक ठोक्याला आयसी कॉईलमध्ये (तारेच्या गुंडाळीत) काही मिलिसेकंदांपुरता वीजप्रवाह सोडते, कॉईलच्या चुंबकत्वाने इवलासा चुंबकी रोटर अर्धा वळसा घेतो आणि दातेचक्रांमधून काटा एक घर पुढे जातो. कॉईल आणि रोटरची ही मोटर मारियस लावे या फ्रेंच अभियंत्याने १९३६ साली पेटंट केली, क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात यायच्या तेहतीस वर्षं आधी. आज रस्त्याकडेच्या स्वस्त घड्याळातसुद्धा तीच असते.

साध्या घड्याळात अशी एक मोटर. क्रोनोग्राफमध्ये तीन-चार: एक वेळेसाठी, एक मोठ्या काट्यासाठी, एक मिनिटांच्या तबकडीसाठी, वगैरे. १९८३ साली सेकोने ७ए२८ हे काट्यांचं पहिलं क्वार्ट्झ क्रोनोग्राफ मशीन काढलं, तेव्हापासून बहुतेक मशीनांचा ढाचा हाच आहे. बऱ्याच मशीनांत मोठा काटा सेकंदाला पाच पावलं टाकतो. म्हणजे छोटा काटा दिवसाला ८६,४०० वेळा हलतो, तर सतत चालू ठेवलेला मोठा काटा ४,३२,००० वेळा. दर पावलाचे पैसे सेलमधून जातात.

हिशोब करून बघा. ३९५ नंबरच्या सेलची क्षमता साधारण ५५ मिलिअँपिअर-तास. समजा घड्याळ सरासरी २ मायक्रोअँपिअर घेतंय, तर सेल २७,५०० तास म्हणजे तीन वर्षांहून थोडा जास्त पुरतो. तोच खर्च १० मायक्रोअँपिअरवर गेला की ५,५०० तास, म्हणजे साडेसात महिने. इथे मशीन बिघडायची गरजच नाही. घड्याळासोबतच्या पुस्तिकेत सेलचं आयुष्य लिहिताना कंपन्या "क्रोनोग्राफ दिवसाला इतकाच वेळ वापरला तर" अशी अट घालतात, ती याचसाठी. ती पुस्तिका कुणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

थांबलेला दिसतो, पण थांबलेला नसतो

यातला एक छुपा प्रकार फार कमी लोकांना माहीत असतो. वरचं बटण सुरू आणि बंद करतं, खालचं बटण काटे शून्यावर आणतं. पण पुष्कळ मशीनांत स्टॉपवॉच चालू असताना खालचं बटण दाबलं तर "स्प्लिट" लागतं: काटे जागच्या जागी थांबतात आणि आत मोजणी चालूच राहते. मालकाला वाटतं बंद झालं. पुढे कधीतरी खिशात, बॅगेत किंवा शर्टाच्या बाहीला लागून खालचं बटण पुन्हा दाबलं जातं आणि काटे सपाट्याने धावत जाऊन चालू मोजणी गाठतात. "घड्याळाला भूत लागलं" म्हणून आलेल्या तक्रारीत हेच निघतं.

खात्री करायची पद्धत सोपी. आधी वरचं बटण दाबा, काटे थांबू द्या, मग खालचं दाबा. मोठा काटा बारावर आला आणि मिनिटभर तिथेच राहिला, तर स्टॉपवॉच खरंच बंद आहे. काटा थांबलेला असताना वरचं बटण दाबून तो पुन्हा सुरू झाला, तर थांबवून मग खालचं दाबा.

बटण आत चिकटलंय का?

आपल्या भागातलं खरं दुखणं हे. मे-जूनचा घाम, वावटळीची धूळ, जिनिंगमधली कापसाची तूस आणि रावेर-यावल पट्ट्यात केळीचा चीक. केळी कापणीला घड्याळ घालून जाणारे पुष्कळ आहेत. चीक ओला असताना पाण्यासारखा असतो, वाळला की काळपट आणि चिकट. बटणाच्या दांड्याभोवती तो बसला, त्यावर धूळ चढली, की बटण दाबल्यावर पूर्ण बाहेर येत नाही. बाहेरून बघता केसाएवढा फरक. आत मात्र बटणाची पत्ती सर्किटला टेकून राहते.

पत्ती टेकलेली राहिली की आयसीला सतत "बटण दाबलंय" असा निरोप जातो आणि त्या वाटेने थोडी थोडी वीज झिरपत राहते. घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, त्यामुळे शंकाच येत नाही. काही वेळा दुसरं लक्षण दिसतं: दोन्हीपैकी एकच बटण काम करतं, किंवा स्टॉपवॉच आपोआप सुरू होतं.

घरी तपासायचं असेल तर घड्याळ डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरा आणि दोन्ही बटणं किती बाहेर आली आहेत ते बघा. दाबून सोडल्यावर बटण टचकन परत यायला हवं. रेंगाळत आलं तर कचरा आहे. ओल्या मऊ कापडाने, मग जुन्या मऊ टूथब्रशने बटणाच्या कडेने पुसा, पण पाण्याखाली धरून बटणं दाबू नका. झाकणावर "३० मीटर" लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी, एवढाच. ओल्या घड्याळाचं बटण दाबणं म्हणजे पाण्याला आत बोलावणं. आणि कृपा करून शिवणयंत्राचं तेल, रॉकेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारू नका. तेल दांड्यावरून आत उतरतं, सर्किटवर पसरतं आणि रबराची रिंग फुगवतं.

घड्याळजीकडे दिलं तर एक चाचणी आवर्जून करायला सांगा: मशीन केसमधून (घड्याळाच्या बाहेरच्या डबीतून) बाहेर काढून, सेल लावून, दोन दिवस चालू ठेवायचं आणि मशीन किती वीज घेतं ते मोजायचं. बाहेर खर्च नेहमीसारखा आणि केसमध्ये बसवल्यावर जास्त निघाला, तर मशीन निर्दोष आहे. दोष केसच्या बटणात. ही चाचणी न करता कुणी मशीन बदला म्हणत असेल तर घड्याळ उचलून घ्या.

बटण साफ करायचं काम केस रिकामी करून होतं. दांड्यावरची बारीक क्लिप काढायची, बटण आणि स्प्रिंग बाहेर काढायची, केस कोमट साबणाच्या पाण्यात भिजवायची, भोकातला वाळलेला चीक लाकडी टूथपिकने काढायचा. धातूच्या सुईने काढाल तर भोक खरवडलं जातं आणि तिथून पाणी शिरतं. पूर्ण वाळल्यावर नवी रबर रिंग, तिला अगदी नखाच्या टोकाएवढं सिलिकॉन ग्रीस. स्प्रिंग गंजली असेल तर तीही नवी. कामाला तासभरही लागत नाही, पण मजुरी कमी मिळते म्हणून कुणी हौसेने करत नाही.

सेल सारखा दिसतो, सारखा नसतो

एकाच आकारात दोन जाती मिळतात. एसआर९२७ हा सिल्व्हर ऑक्साइड, एलआर९२७ किंवा एजी७ हा अल्कलाइन. मापाने एकच, किमतीत मोठा फरक. सिल्व्हर ऑक्साइड १.५५ व्होल्ट देतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत तेवढाच देत राहतो. अल्कलाइन १.५ वर सुरू होतो आणि पहिल्या दिवसापासून उतरत जातो, क्षमताही बरीच कमी. साध्या घड्याळाला चालून जाईल, पण एकाच वेळी तीन मोटरी हलवणाऱ्या क्रोनोग्राफला नाही. शिवाय अल्कलाइन सेल आतच फुटून पांढरा-हिरवा क्षार सर्किटवर पसरतो. तसं झालं तर मात्र मशीन बदला म्हणणाऱ्याचं म्हणणं खरं ठरतं.

दुसरी गोष्ट शेवटच्या अक्षरांची. एसडब्ल्यू म्हणजे कमी वीज ओढणाऱ्या घड्याळासाठी, नुसता डब्ल्यू म्हणजे अलार्म-लाइटसारखी जास्त वीज ओढणाऱ्यासाठी. ३९५ (एसआर९२७एसडब्ल्यू) आणि ३९९ (एसआर९२७डब्ल्यू) हे असंच जोडपं. मशीनवर किंवा पुस्तिकेत जो नंबर दिलाय तोच टाकावा. सेल आपल्यासमोर पाकिटातून काढायला सांगा, त्यावरचा नंबर वाचा, आणि शक्य असेल तर मीटरवर व्होल्ट बघा. कोऱ्या सिल्व्हर ऑक्साइडला १.५५च्या आसपास दिसायला हवेत. उन्हात तापणाऱ्या टपरीत वर्षभर लटकलेल्या पट्टीतला सेल कोरा असला तरी कोरा नसतो.

सेल बसवताना प्लास्टिकचा चिमटा हवा. धातूच्या चिमट्याने दोन्ही टोकं एकदम धरली की सेल तिथेच शॉर्ट होतो. धातूचा चिमटा लागतो तो पुढच्या पायरीला. बऱ्याच मशीनांवर "एसी" अशी खूण असलेला एक बिंदू असतो. सेल बसवल्यावर तो बिंदू आणि सेलचा प्लस भाग चिमट्याने दोनेक सेकंद जोडायचा, म्हणजे आयसी कोऱ्या पाटीने सुरू होते. ही पायरी सोडली तर काटे भलतीकडे थांबतात, बटणं दाद देत नाहीत. त्यावरही "मशीन गेलं" हाच निदानाचा शिक्का बसतो!

छोटा सेकंद काटा एकेक सोडून दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागला तर घाबरू नका. तो सेल संपत आल्याचा मुद्दाम ठेवलेला इशारा आहे. काही स्विस मशीनांत चार-चार सेकंदांची उडी असते. उड्या सुरू झाल्या की आठवडाभरात सेल बदला. पूर्ण मेलेला सेल आत ठेवणं हाच क्षार फुटण्याचा राजमार्ग.

काटा बारावर येत नाही

सेल बदलल्यावर मोठा काटा दोन मिनिटांच्या खुणेवर किंवा अठ्ठावन्नवर थांबतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. आयसीला काटा दिसत नसतो. अंधारात पावलं मोजत विहिरीवर जाणाऱ्यासारखं तिचं काम. सेल निघाला की मोजलेली पावलं विसरली, आणि काटा जिथे असेल तिथेच तिचं शून्य.

चावी पूर्ण बाहेर ओढा, म्हणजे वेळ लावतो त्या टप्प्यापर्यंत. आता वरचं बटण एकेकदा दाबलं की मोठा काटा एकेक घर सरकतो, दाबून धरलं की पळतो. खालचं बटण छोट्या तबकडीचा काटा हलवतं. कोणतं बटण कोणता काटा हलवतं हे मशीनप्रमाणे बदलतं, काहींना मधला टप्पा लागतो. करून बघितल्याने काही बिघडत नाही. सगळे काटे बारावर आले की वेळ लावून चावी आत ढकला.

हे केल्यावरही दर काही दिवसांनी काटा हलत असेल तर काट्याची नळी खुंटीवर सैल झाली आहे. ट्रॅक्टर, खडीच्या रस्त्यावरची दुचाकी, हातोडीचं काम अशा झटक्यांनी ती सैल होते. खूण अशी की फरक कधी एक घर, कधी तीन घरं, ठराविक नसतो. उलट काटा रोज एकाच ठिकाणी अडत असेल तर तो दुसऱ्या काट्याला, काचेला घासतोय किंवा दातेचक्रात कचरा आहे. सैल नळी घड्याळजी हलक्या हाताने आवळून देतो. गोंद लावू देऊ नका.

बटणांनी काटा सरकवायच्या या पद्धतीला अपवाद आहे तो सेकोच्या व्हीके ६३, व्हीके ६४ जातीच्या अर्ध्या यांत्रिक मशीनांचा. यांची ओळख म्हणजे बटण कडक "खट्" करतं आणि खालचं दाबताच काटा न धावता क्षणात शून्यावर आदळतो. इथे हृदयाच्या आकाराचा कॅम आणि त्यावर पडणारी हातोडी काट्याला शून्यावर आणते. मोठा काटा वाकडा थांबत असेल तर तो काढून पुन्हा बसवणं एवढाच उपाय.

मशीनच दोषी असेल तर

सगळं तपासून झाल्यावर दोनच मोठी कारणं उरतात. एक, मशीनच्या आत घाण किंवा सुकलेलं तेल. बऱ्याच मशीनांतली आयसी आधी छोटा ठोका देते, रोटर फिरला की नाही ते ताडते, न फिरल्यास मोठा ठोका देते. चाकं जड झाली की प्रत्येक वेळी मोठाच ठोका लागतो. घड्याळ वेळ अचूक दाखवतं आणि सेल मात्र भराभर संपतो. साफसफाई आणि नवं तेल हा उपाय. मशीन साधं असेल तर नवं घालणं स्वस्त पडतं, आणि तिथे मी स्वतःही बदला असंच सांगतो.

दुसरं, तुटलेली कॉईल. हिची तार केसाहून बारीक असते. मीटरने मोजल्यावर साधारण एक ते तीन किलोओहम दिसायला हवं. काहीच दिसत नसेल तर तार तुटली. मीटरची टोकं जोडबिंदूंवरच टेकवा, तारेच्या गुंडाळीला स्पर्श झाला तर चांगली कॉईलही जाते. एक काटा मेलेला आणि बाकीचे चालू, असं दिसलं की त्याच काट्याच्या मोटरची कॉईल आधी बघायची.

स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, मोबाइलचं चुंबकी कव्हर यांच्याजवळ घड्याळ थांबतं किंवा मागे पडतं. दूर केलं की पुन्हा चालतं. तो बिघाड नव्हे. फक्त रात्री ते त्यांच्याजवळ ठेवू नका.

उन्हाचाही एक हिशोब. क्वार्ट्झ सुमारे २५ अंशांना सगळ्यात बरोबर चालतं. थंडी असो की ऊन, त्यापासून दूर गेलं की ते मंदच होतं, आणि फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात. भुसावळच्या मे महिन्यात घड्याळ दिवसभर ४५ अंशांत पडून राहिलं तर दिवसाला साधारण सव्वा सेकंद मागे पडेल. मनगटावर असेल तर शरीर त्याला सांभाळून घेतं. म्हणून उन्हाळ्यात "घड्याळ मागे पडतंय" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो की ते घालता की कपाटावर ठेवता. दुचाकीच्या डिकीत किंवा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवूच नका. बहुतेक मशीनांची मर्यादा ५० ते ६० अंशांपर्यंत असते आणि जळगावच्या उन्हात उभी केलेली गाडी ती सहज ओलांडते.

घड्याळ महिना-दोन महिने वापरायचं नसेल तर चावी बाहेर ओढून ठेवावी. मोटरी थांबतात आणि सेल वाचतो. पण ओढलेल्या चावीच्या फटीतून धूळ आणि दमट हवा आत जाते, तेव्हा ते झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा. वर्षभर पडून राहणार असेल तर सेलच काढून घ्या.